राखण कोणी कोणाची करायची?

पावसाळा सरून सह्याद्रीतले गवत पिवळे पडू लागले की शनिवारच्या दुपारी पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या मोटारींची रांग घाटांकडे वळते. पवना, मुळशी, भंडारदरा या जलाशयांच्या काठी संध्याकाळपर्यंत रंगीत तंबूंची वसाहत उभी राहते, शेकोट्या पेटतात आणि रविवारी दुपारी ती वसाहत आली तशी उठून जाते. या दोन दिवसांच्या वसाहतीत अलीकडे एक नवा रहिवासी दिसू लागला आहे. मोटारीचे दार उघडताच तो उडी मारून उतरतो, नाक जमिनीला लावून चारही दिशांना धावतो आणि मालकाच्या हाका कानाआड करून गवतात नाहीसा होतो. शहरातल्या सदनिकेत वाढलेला हा पाळीव कुत्रा आयुष्यात बहुधा प्रथमच एवढे मोकळे आकाश पाहत असतो. त्याचा आनंद पाहून मालकाचे मन भरून येते. आपण याला येथे आणले हे फार चांगले केले, असे त्याला मनापासून वाटते.

या भावनेची टिंगल करण्याचे कारण नाही. कुत्र्याला सहलीला नेणे ही श्रीमंतांची लहर आहे, असे म्हणून विषय झटकून टाकणे सोपे असले तरी ते खरे नाही. पूर्वी वाड्यात किंवा चाळीत कुत्रा असे तो साऱ्या वाड्याचा असे. एका बिऱ्हाडाने भाकरी घातली नाही तर दुसरे घालीत असे, आणि एखादे कुटुंब उन्हाळ्यात गावी गेले तरी कुत्र्याचे काही अडत नसे. सदनिकेतला कुत्रा एका कुटुंबाचा असतो. दार लावले की त्याचे जगच बंद होते. शेजारी त्याला ओळखत नाहीत, आजी-आजोबा दुसऱ्या गावी असतात आणि पैसे घेऊन कुत्री सांभाळणाऱ्या ठिकाणांचा खर्च साऱ्यांना झेपत नाही. २०२० सालच्या टाळेबंदीत एकटेपणावर उपाय म्हणून अनेक घरांत कुत्री आली. दारे उघडल्यावर त्यांचे काय करायचे, हा प्रश्नही त्यांच्याबरोबरच आला. तेव्हा कुत्र्याला बरोबर नेण्यात हौस आहे तशी निकडही आहे. प्रश्न न्यावे की नेऊ नये एवढ्यापुरता नाही. कोठे न्यावे, आणि तेथे त्याची व इतरांची जबाबदारी कोणाची, हा खरा प्रश्न आहे.

धनगराचा मुक्काम

कुत्रा बरोबर घेऊन उघड्यावर मुक्काम करणे ही महाराष्ट्राला नवलाईची गोष्ट नाही. दिवाळीच्या सुमारास पठारावरच्या कोरडवाहू भागातून निघून कोकणाकडे उतरणारे आणि पावसाळ्याआधी परतणारे धनगर पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आले आहेत. घोड्यावर लादलेला संसार, मागे मेंढरांचा कळप आणि कळपाच्या कडेने चालणारी दोन-चार कुत्री, हे दृश्य राज्यातल्या कोणत्याही रस्त्यावर आजही भेटते. रात्री एखाद्या शेतात मेंढ्या बसवल्या की त्यांच्याभोवती वाघर, म्हणजे जाळ्याचे कुंपण, लागते आणि त्याच्या बाहेर कुत्री पडून राहतात. लांडग्याची चाहूल लागली की पहिली हाक त्यांची. त्या मुक्कामात कुत्र्याला ठरलेले काम आहे, ठरलेली जागा आहे आणि त्या कामाचे शिक्षण त्याला पिल्लूपणापासून मिळालेले आहे. मेंढीवर झेप घेणारा कुत्रा धनगराच्या वाड्यात टिकत नाही आणि लांडग्याच्या मागे एकट्याने रानात धावत जाणारा कुत्रा जगत नाही.

शहरातून आलेल्या तंबूत यांपैकी काहीच नसते. तेथल्या कुत्र्याला राखायला कळप नाही, ओळखीचे रान नाही, वाघ-लांडग्याची स्मृती नाही. दमट हवेत ज्याला पंख्याखाली झोपायची सवय, त्याने एका रात्रीत रानाची भाषा शिकावी ही अपेक्षाच चुकीची आहे. धनगराच्या मुक्कामात कुत्रा माणसाची राखण करतो. हौशी मुक्कामात माणसाने कुत्र्याची राखण करायची असते. ही उलटापालट ज्याच्या ध्यानात आली नाही, तो मालक संध्याकाळी कुत्र्याला तंबूच्या खुंटीला बांधतो आणि ‘हा आहे ना राखणीला’ असे म्हणून निश्चिंत झोपी जातो. सगळ्या अनर्थाचे बीज या झोपेत आहे.

अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या आहाराचा जो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, त्याने ही गोष्ट आकड्यांत मांडली आहे. बिबट्याच्या विष्ठेच्या तपासणीवरून असे दिसले, की त्याच्या पोटात जाणाऱ्या भक्ष्याच्या वजनापैकी ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता. त्या परिसरात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सुमारे सातपट, पण बिबट्याच्या आहारात त्यांचा वाटा ११ टक्के. शेळी रात्री गोठ्यात कोंडलेली असते आणि कुत्रा बाहेर मोकळा असतो, हे या तफावतीमागचे एक उघड कारण म्हणता येईल. याच अकोले तालुक्यात भंडारदरा आहे, रतनगड आहे, कळसूबाई आहे आणि १९८६ साली घोषित झालेले कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यही आहे. तंबूबाहेर बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याच्या वाटेवर मांडून ठेवलेले ताट होय. गावातले कुत्रे निदान मोकळे असते. वास येताच ते पडवीत शिरते, दाराशी अंग चोरून बसते. बांधलेल्या कुत्र्याला तीही सोय नाही.

बिबट्या ही झाली रात्रीची गोष्ट. दिवसाची संकटे अधिक साधी आणि म्हणूनच अधिक दुर्लक्षित आहेत. माणसासारखा कुत्र्याच्या अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच त्याला शरीराची उष्णता बाहेर टाकावी लागते. सह्याद्रीचा काळा कातळ मार्चपासून दुपारी असा तापतो की बूट घातलेल्या माणसालाही तो जाणवतो; कुत्रा त्यावरून अनवाणी चालत असतो. आखूड नाकाच्या जातींना तर धाप टाकणेही कष्टाचे. दाट केसांची, थंड देशांतून आलेली जी कुत्री आज हौसेने पाळली जातात, त्यांना चैत्राच्या उन्हात गड चढायला लावणे म्हणजे मायेच्या पांघरुणाखाली केलेला छळ आहे. त्यात कुत्रा तक्रार करीत नाही. मालक चालत आहे तोवर तो चालतो, आणि थांबतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. कळसूबाईच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. हरिहरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या उतरताना धडधाकट माणसाचीही गाळण उडते. चढताना कुत्र्याला कसेबसे वर ओढता येते. उतरताना त्याला कडेवर घेऊन शिडी कशी उतरायची, याचा विचार पायथ्याशी कोणी केलेला नसतो.

शिवाय फुरसे आणि घोणस ही सह्याद्रीची जुनी रहिवासी मंडळी आहेत. झुडपात शिरणारा पहिला अवयव कुत्र्याचे नाक असते, आणि दंशही तेथेच होतो. गावातल्या आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस असली तरी ती माणसासाठी ठेवलेली असते. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः गाई-म्हशींसाठी असतो आणि मध्यरात्री तो उघडा असेलच असे नाही. गोचिडीपासून होणारा ताप तर घरी परतल्यावर काही दिवसांनी उमटतो, आणि तोवर सहलीचा संबंध कोणाच्या लक्षातही राहत नाही.

रान रिकामे नसते

आतापर्यंतचा विचार कुत्र्याच्या बाजूने झाला. रानाची बाजू त्याहून गंभीर आहे, कारण ती मांडायला तेथे कोणी नसते.

शहरातल्या माणसाला माळरान दिसते ते मोकळे, उजाड, कोणाचेही नसलेले. कुत्र्याला ते तसे वाटत नाही. त्याचे नाक त्याला पावलोपावली सांगते, की येथून ससा गेला, येथे तितर बसला होता, या दगडाखाली मुंगूस राहते. तो वेड्यासारखा धावतो तो मोकळ्या जागेच्या आनंदाने नव्हे, भरगच्च वस्तीत शिरल्याच्या उन्मादाने. मालकाला जी जागा रिकामी वाटते ती भरलेली आहे, हे त्याच्या कुत्र्याला पहिल्या क्षणीच कळलेले असते.

टिटवी, रातवा, चंडोल, लावा, तितर हे सारे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. त्यांचे घरटे म्हणजे गवतातली एखादी खळगी किंवा चार खडे. उन्हाळी सुटी हा शहरी कुटुंबांचा सहलीचा काळ, आणि नेमका तोच यांपैकी अनेकांच्या विणीचा काळ. घरट्यावरून उठवलेला पक्षी तासभर परतला नाही तर उन्हाने अंडी करपतात. कुत्र्याने त्यांना तोंडही लावावे लागत नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या जंगलात झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, दोरीला बांधलेली कुत्री पायवाटेवरून नुसती फिरवली असता त्या वाटेवर दिसणाऱ्या पक्ष्यांच्या जातींत ३५ टक्के आणि पक्ष्यांच्या संख्येत ४१ टक्के घट आढळली. नुसती माणसे चालली तेव्हा एवढा परिणाम झाला नाही. यावरून एक गोष्ट कळते. ‘आमचा कुत्रा कोणाला काही करीत नाही’ हे मालकाचे प्रशस्तिपत्र पक्ष्याला वाचता येत नाही. पक्ष्याच्या लेखी कुत्रा म्हणजे लांडग्याचा आणि कोल्ह्याचा भाऊबंद, आणि ते नाते काही खोटे नाही.

रोगांचा प्रश्न याहून मोठा. १९९४ साली टांझानियातील सेरेंगेटीच्या रानात सिंह मरू लागले. कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर या रोगाचा विषाणू त्यांच्यात शिरला होता आणि सुमारे एक तृतीयांश, म्हणजे हजाराच्या घरात सिंह त्यात गेले. त्या विषाणूचा माग आजूबाजूच्या गावांतील कुत्र्यांपर्यंत लागला आणि पुढे त्या कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. इथिओपियातील बेलच्या डोंगरांत तेथला दुर्मिळ लांडगा नव्वदच्या दशकाच्या आरंभी पाळीव कुत्र्यांकडून आलेल्या रेबीजने असाच मोठ्या संख्येने मेला. ही दूरदेशीची उदाहरणे म्हणून बाजूला ठेवावीत, तर २०१८ साली सप्टेंबर-ऑक्टोबरच्या काही आठवड्यांत गुजरातच्या गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले आणि त्यांतील काहींच्या शरीरात डिस्टेंपरचाच विषाणू आढळला. आशियाई सिंहाचे जगातले एकमेव रान ज्या विषाणूने हादरले, त्याच्यावरची लस शहरातल्या कोणत्याही पशुवैद्याकडे मिळते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने अभयारण्याच्या आतल्या आणि पाच किलोमीटरच्या परिघातल्या पशुधनाला संसर्गजन्य रोगांविरुद्ध लस देण्याची तरतूद करण्यात आली. कायद्यात पशुधनाची जी व्याख्या झाली तीत गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, डुक्कर, कोंबडी इतकेच काय बदकही आले. कुत्र्याचे नाव मात्र आले नाही. शेतकऱ्याच्या बैलाची चिंता करणाऱ्या कायद्याला शनिवारी मोटारीतून येणारा कुत्रा दिसलाच नव्हता, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. तो तेव्हा येतच नव्हता.

यलोस्टोनचा धडा

ज्या देशात कुत्र्यासह तंबूत राहण्याची रीत फार जुनी आहे, त्या अमेरिकेने या अनुभवातून काय घेतले ते पाहण्यासारखे आहे. कादंबरीकार जॉन स्टाइनबेक १९६० साली चार्ली नावाच्या आपल्या पूडल कुत्र्याला घेऊन एका छोट्या घरवजा मोटारीतून देश फिरायला निघाला. त्या प्रवासाचे ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हे पुस्तक १९६२ साली, त्याला नोबेल पारितोषिक मिळाले त्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. चार्ली अत्यंत शांत, सभ्य, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा कुत्रा. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी पहारेकऱ्याने अस्वलांविषयी इशारा दिला तेव्हा स्टाइनबेकने आपल्या कुत्र्याच्या सौम्य स्वभावाची ग्वाही दिली. आत शिरून थोडे अंतर जाताच पहिले अस्वल दिसले आणि चार्ली असा पिसाळल्यागत झाला की मालकाला तो ओळखूच येईना. वर्षानुवर्षे सोबत राहिलेल्या प्राण्यात काय दडले आहे, हे जगप्रसिद्ध लेखकालाही ठाऊक नव्हते. त्याने जे केले ते महत्त्वाचे आहे. त्याने गाडी वळवली आणि उद्यान न पाहताच तो बाहेर पडला.

त्याच यलोस्टोनमध्ये १९८१ च्या जुलै महिन्यात घडलेली दुसरी घटना आठवली की अंगावर शहारा येतो. एका गाडीतून एक कुत्रा निसटला आणि वाफाळणाऱ्या नैसर्गिक झऱ्याला साधे तळे समजून त्यात त्याने उडी घेतली. ते पाणी उकळण्याच्या बेतात तापलेले होते. कुत्र्याच्या मालकाच्या २४ वर्षांच्या मित्राने, सोबतच्यांनी ओरडून रोखले असतानाही, त्याच्यामागे सूर मारला. कुत्रा वाचला नाही. तो तरुणही दुसऱ्या दिवशी गेला. त्याच्या धैर्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु त्या दिवशी ते धैर्य खर्ची पडू नये यासाठी एक साधी दोरी पुरेशी होती, हेही तितकेच खरे. यलोस्टोनच्या नियमांत हीच दोरी आहे. तिची लांबी सहा फुटांहून अधिक नसावी. कुत्र्याला रस्ते, वाहनतळ आणि तंबूंच्या ठरलेल्या जागांपासून शंभर फुटांपलीकडे नेऊ नये. पायवाटा आणि आतले रान त्याला बंद. तेथे कुत्र्याला मज्जाव नाही आणि मोकळीकही नाही. कुत्र्यावर ज्यांचे प्रेम कमी म्हणता येणार नाही, अशा समाजाने विचारपूर्वक काढलेला हा मधला मार्ग आहे.

आक्षेप आणि उत्तरे

यावर एक आक्षेप हमखास येईल. गावोगावची शेकडो मोकाट कुत्री रात्रंदिवस रानात शिरतात, हरणांच्या पाडसांमागे लागतात. तेव्हा शहरातून दोन दिवसांसाठी आलेल्या एका कुत्र्याने असे काय मोठे बिघडणार आहे? मोकाट कुत्र्यांचा उपद्रव खरा आहे. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे २०२३ साली जनुकीय तपासणीने सिद्ध झाले, आणि लांडग्याची शुद्ध जात त्यामुळे धोक्यात येऊ शकते. पण भरलेल्या माठाला एक भोक आहे म्हणून दुसरे पाडावे, असे कोणी म्हणत नाही. गावातल्या मोकाट कुत्र्याला मालक नसतो म्हणून तो प्रश्न अवघड आहे. शहरातल्या कुत्र्याला मालक असतो, म्हणूनच तो सोपा असायला हवा.

दुसरा आक्षेप अधिक भावनिक. निसर्गावर काय माणसाचाच हक्क आहे? कुत्र्याने जन्मभर फरशीवरच राहायचे काय? या प्रश्नातला ओलावा मान्य केला तरी त्यातली गफलत लपत नाही. कुत्रा हजारो वर्षांपूर्वी रान सोडून माणसाच्या उंबऱ्याशी आला. त्याला हवी असते ती मालकाची सोबत, पळायला जागा आणि हुंगायला नवे वास. हे सारे नातेवाइकाच्या शेतावर, कृषी पर्यटनाच्या खासगी आवारात, नदीकाठच्या कापणी झालेल्या रानातही मिळते. त्यासाठी शेकरूचे भीमाशंकर किंवा फुलांचे कासचे पठारच हवे, हा आग्रह कुत्र्याचा नसतो. छायाचित्राची पार्श्वभूमी कुत्र्याला ठाऊक नसते. ती मालकाला हवी असते.

तिसरी बाजू बहुतेक वेळा कोणी मांडतच नाही; ती आहे त्या गावकऱ्यांची. जलाशयाच्या काठी ठाकर, महादेव कोळी यांच्या वाड्या आहेत. शहरातून आलेल्या कुत्र्याने एखादी कोंबडी मारली, शेळीच्या करडाला घाबरवून दरीत लोटले, तर दुपारी तंबू उठून जातो आणि नुकसान मागे राहते. मालक नोटा काढून देतो. पण गाभण शेळीची किंमत नोटांत मोजताना तो तिचे पुढचे दूध आणि पुढची वीण मोजत नाही. पिण्याच्या पाण्याच्या टाक्यात कुत्र्याला डुंबवणे, देवराईत त्याला मोकळे सोडणे, लहान मुलांच्या अंगावर तो धावला असता ‘खेळतोय तो’ म्हणून हसणे, यांतून गावकऱ्याला शहराची जी ओळख होते ती चांगली नसते.

करायचे काय?

सरसकट बंदी हा आळशी प्रशासनाचा आवडता उपाय असतो आणि तो बहुधा कागदावरच राहतो. येथे तशी गरजही नाही. अभयारण्ये, राष्ट्रीय उद्याने, राखीव पठारे आणि देवराया येथे पाळीव कुत्रा नको, हे स्पष्ट शब्दांत, मराठीत, प्रवेशापूर्वीच्या शेवटच्या गावात लिहिलेले असावे. तपासणी नाक्यावर पोहोचल्यावर नव्हे. तेथवर आलेला मालक परत फिरत नाही. तो कुत्र्याला मोटारीत कोंडतो, आणि उन्हात उभ्या मोटारीत कोंडलेला कुत्रा थोड्याच वेळात प्राणाला मुकू शकतो. जेथे खासगी जमिनीवर तंबूंचा व्यवसाय चालतो तेथे व्यावसायिकाने कुत्र्यांसाठी वेगळी, कुंपण घातलेली जागा ठेवावी आणि रेबीज व डिस्टेंपरच्या लसीचा दाखला पाहिल्याशिवाय प्रवेश देऊ नये. माणसाचे ओळखपत्र विचारणाऱ्याला कुत्र्याचा दाखला विचारणे जड जाऊ नये.

मालकाने करायच्या गोष्टी याहून साध्या आहेत. निघण्यापूर्वी लसी पूर्ण असाव्यात. गळपट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक असावा. उघड्यावर सहा फुटांची दोरी हातातून सुटू नये. चालणे उन्हे चढण्यापूर्वी आटपावे आणि कुत्र्याच्या वाटचे पाणी वेगळे न्यावे. रात्री कुत्रा तंबूच्या आत, माणसाच्या शेजारी असावा. त्याची विष्ठा मागे राहू नये, कारण रोगाचे जंतू तिच्यातूनही रानात उतरतात. आणि ज्या वाटेवरून त्याला सुखरूप परत आणता येणार नाही, त्या वाटेला त्याला नेऊच नये. प्रवासाची सोयही आधी पाहावी लागते. रेल्वेत कुत्रा न्यायचा तर पहिल्या वर्गाचा पूर्ण कूपे आरक्षित करणे किंवा सामानाच्या डब्यातील पेटीत त्याला एकटे ठेवणे, हे मुख्य मार्ग असल्याने सामान्य कुटुंबाला ही सहल वाटते तितकी स्वस्त पडत नाही. तो खर्च झेपणार नसेल तर दोन दिवस शेजाऱ्याच्या भरवशावर कुत्र्याला घरी ठेवण्यात निर्दयपणा नाही. शेजारधर्म पुन्हा जागवण्याचे तेही एक निमित्त होईल.

या साऱ्याच्या मुळाशी एक कटू वास्तव आहे. सहलीच्या ठिकाणी जातिवंत कुत्री बेवारस सापडतात. काही हरवलेली असतात, काही सोडून दिलेली. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात पाळीव प्राण्याला उपासमारीच्या वाटेवर सोडून देणे हा गुन्हा मानला गेला आणि पहिल्या खेपेस त्यासाठी दहा ते पन्नास रुपये दंड लिहिला गेला. साठ वर्षांपूर्वी ही रक्कम बोचत असेल. आज एवढ्या पैशांत त्या प्राण्याच्या खाण्याची पिशवीही येत नाही. दंड वाढवावा, ही मागणी योग्यच आहे. परंतु दंडाच्या धाकाने जी सोबत टिकते ती सोबत नव्हे.

गडाच्या पायथ्याशी एक दृश्य नेहमी दिसते. गावातले एखादे कुत्रे, कोणी न बोलावता, गिर्यारोहकांच्या पुढे चालू लागते. वळणावर थांबून मागे पाहते, माथ्यावर पोहोचून सावलीत बसते आणि अर्ध्या बिस्किटावर समाधान मानून संध्याकाळी आपल्या वाटेने गावात परतते. ते आपल्या मर्जीने येते आणि मर्जी फिरली की वळते. पाळलेल्या कुत्र्याला ही मर्जी नसते. त्याने रान निवडलेले नसते, उन्हाची वेळ निवडलेली नसते, मुक्कामाची जागा निवडलेली नसते. त्याच्या वतीने हे सारे माणसाने निवडलेले असते. म्हणून त्याचा जाबही माणसानेच द्यायचा असतो.

महाप्रस्थानाला निघालेल्या पांडवांमागेही असाच एक कुत्रा हस्तिनापुरापासून चालत आला होता. भावंडे आणि द्रौपदी एकेक करून वाटेत पडली, तो मात्र शेवटपर्यंत युधिष्ठिराच्या पावलांमागे राहिला. इंद्र रथ घेऊन आला आणि स्वर्गात कुत्र्याला जागा नाही, असे त्याने सांगितले. ही कथा कुत्र्यावरच्या प्रेमाची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण युधिष्ठिराने त्या क्षणी काय केले नाही, हेही पाहावे. त्याने कुत्र्याला वस्त्राखाली लपवून रथात नेले नाही. त्याला दाराशी बांधून, आत एक चक्कर मारून येतो, असेही तो म्हणाला नाही. जेथे आपल्या सोबत्याला प्रवेश नाही, तेथे आपणही जायचे नाही, एवढेच त्याने ठरवले आणि तो स्वर्गाच्या दाराशी थांबला. अभयारण्याच्या फाटकाशी उभ्या असलेल्या मालकाला याहून अधिक काही करायचे नाही.